कडुनिंबाखालचा वर्ग: नव्या शिक्षकांनी मैदानावर शिकवायला सुरुवात कशी करावी

मागच्या जुलैत आमच्या शाळेत नव्यानं रुजू झालेल्या एका शिक्षिकेनं मधल्या सुट्टीत मला विचारलं, "मॅडम, तुम्ही गणिताच्या तासाला पोरांना बाहेर नेता, मग पोर्शन कधी संपवता?" प्रश्न रास्त होता. चाचणी जवळ आली की आपल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. तिला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते आहे. तिच्यासारखे कितीतरी जण दरवर्षी नागपुरातल्या शाळांत रुजू होतात. मुलांना वर्गाबाहेर न्यावं असं त्यांना मनापासून वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मुलांना बाहेर न्यायचं ते पुस्तकातला पाठ शिकवायला. दूर कुठं जायची गरज नाही, शाळेचं आवार पुरतं. वेळ वीस मिनिटं, आणि जागा शक्यतो तीच, पुन्हा पुन्हा. वर्षातून एकदा बस करून नेलेल्या सहलीपेक्षा दर आठवड्याला एकाच कडुनिंबाखाली घालवलेली वीस मिनिटं मुलांच्या जास्त लक्षात राहतात, हे मी वर्षानुवर्षं बघत आले आहे.

हे काही नवं खूळ नाही. नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवरच्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि तिथून गांधीजींची नई तालीम उभी राहिली. हातानं काम करायचं आणि त्या कामातूनच हिशेब, भाषा, विज्ञान शिकायचं. तिकडे पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. आपल्याला तर फक्त वर्गाचा उंबरठा ओलांडायचा आहे.

माझ्याकडून काय चुकलं

पहिल्या वेळी मी पाचवीच्या अठ्ठेचाळीस मुलांना घेऊन एका मोठ्या बागेत गेले होते. प्रत्येकाच्या हातात दहा प्रश्नांचा छापील कागद. पोचेपर्यंत साडेअकरा वाजले, ऊन तापलं. एका हुशार मुलीचा कागद सगळ्यांनी उतरवून काढला आणि उरलेला वेळ पळापळीत गेला. एक मुलगा मात्र बाभळीच्या खोडापाशी उकिडवा बसून मुंगळ्यांची रांग बघत होता. एक रांग वर जात होती, एक खाली येत होती, आणि समोरासमोर आले की दोघं क्षणभर थांबत होते. तो हे बोट दाखवून मला सांगायला लागला आणि मी त्याला म्हटलं, "आधी कागद पूर्ण कर." त्या दिवशी शिकण्यासारखं जे खरोखर घडत होतं ते मीच थांबवलं. आजही ते मला टोचतं.

तेव्हापासून दहा प्रश्न सोडले. एका फेरीला एकच प्रश्न.

पायरी पहिली: आधी एकट्यानं फिरा

शाळा सुटल्यावर एक दिवस थांबा आणि आवाराला चक्कर मारा. हातात वही घ्या, नकाशा काढा. झाडं कुठली आहेत, सकाळी साडेआठला सावली कुठं असते आणि अकराला कुठं, पावसाचं पाणी कुठं साचतं, भिंतीला शेवाळ कोणत्या बाजूला आहे, मुंग्यांची वारुळं कुठं आहेत. याच फेरीत धोकेही टिपा. उघडी डीपी, झाकण नसलेली टाकी, तुटलेली काच, झाडावर आग्या मोहोळ, भिंतीलगत माजलेलं गाजरगवत. गाजरगवतानं काही मुलांना शिंका आणि अंगावर खाज येते, ते उपटून घ्यायला सांगा, आणि उपटणाऱ्यानं हातमोजे घालावेत.

महाल, इतवारीतल्या जुन्या शाळांमध्ये मैदान नसतं याची मला कल्पना आहे. तिथं गच्ची आहे, व्हरांडा आहे, भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोपटं आहे, आणि वर आभाळ आहे. या लेखातला सावलीचा प्रयोग गच्चीवर मैदानापेक्षा चांगला होतो. पावसाचं मापही गच्चीवरच ठेवा.

पायरी दुसरी: पाठ निवडा, मग एक प्रश्न काढा

आधी पाठ्यपुस्तक उघडा. या आठवड्यात काय शिकवायचं आहे ते बघा आणि स्वतःला विचारा, यातलं काय बाहेर डोळ्यांना दिसेल किंवा हातानं मोजता येईल? काहीच नसेल तर त्या आठवड्यात बाहेर जाऊ नका. ओढूनताणून नेलेलं मुलांना लगेच कळतं.

प्रश्न असा हवा की बाहेर गेल्याशिवाय त्याचं उत्तर मिळू नये. "झाडाचे भाग सांगा" याचं उत्तर पुस्तकात आहे. "आपल्या कडुनिंबाच्या एका पानाला किती पर्णिका (पानातली छोटी पानं) आहेत, आणि सगळ्या पानांना सारख्याच आहेत का?" याचं उत्तर कडुनिंबाखालीच आहे. मुलं मोजतात, कोणाच्या बारा येतात, कोणाच्या पंधरा, आणि भांडण सुरू होतं. आपल्याला तेच हवं असतं.

पायरी तिसरी: मुख्याध्यापक आणि पालक

आवारातच जायचं असलं तरी मुख्याध्यापकांना आधी सांगा. तोंडी सांगण्यापेक्षा एका कागदावर तीन ओळी लिहून द्या: कोणता पाठ, कोणती अध्ययन निष्पत्ती (म्हणजे पाठानंतर मुलांना काय यायला हवं), किती वेळ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना असावेत असं म्हटलं आहे, अनुभवातून शिकण्यावरही भर आहे. याचा आधार घेता येतो. पण मुख्याध्यापकांची खात्री पटते ती मुलांच्या वहीनं, धोरणानं नाही. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर वह्या नेऊन दाखवा.

पालक म्हणतात, "खेळायलाच नेता का पोट्ट्यांना?" त्यांच्यावर रागावू नका. पोरगं शिकावं म्हणूनच ते पोटाला चिमटा घेऊन फी भरत असतात. बाहेरची वही घरी पाठवा आणि घरी विचारायला एक प्रश्न द्या. "आजीच्या गावी विहिरीला पाणी किती हातांवर लागायचं?" असा प्रश्न घरी गेला की पुढच्या सभेला पालकच विषय काढतात.

पायरी चौथी: पहिली वीस मिनिटं

पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका, फक्त बाहेर जायची आणि परत यायची सवय लावा. चुन्यानं किंवा दोरीनं हद्द आखा. एक शिट्टी म्हणजे जागीच थांबा, दोन शिट्ट्या म्हणजे माझ्याकडे या. हे तीन वेळा करून घ्या. मुलांना तो खेळ वाटतो आणि पुढे वर्षभर घसा फोडावा लागत नाही.

मग चौघाचौघांचे गट करा. एक मोजणारा, एक लिहिणारा, एक वेळ सांभाळणारा, एक सामान परत आणणारा. दर फेरीला कामं बदला. एरवी लिहिणं कायम अक्षर चांगलं असलेल्या मुलीच्या गळ्यात पडतं आणि मोजपट्टी दांडगट पोराच्या हातात राहते. गट चिठ्ठ्या टाकून करा, मैत्रीवर सोडू नका.

सामान फार लागत नाही. शिंप्याची टेप, दहा मीटर सुतळी, खडू, काही भिंगं, जुन्या परीक्षेचे पॅड, पेन्सिली. पेन नको. पावसाच्या एका थेंबानं शाई पसरते.

चालायला त्रास असणारं, नीट न दिसणारं किंवा कमी ऐकू येणारं मूल वर्गात असेल तर त्याला डोळ्यांसमोर ठेवूनच जागा निवडा. चाकाची खुर्ची जिथं जात नाही तिथं वर्ग भरवू नका. माझ्या एका वर्गात कमी दिसणारी मुलगी होती. झाडाच्या सालीवरून हात फिरवून ती कडुनिंब, करंज आणि बदाम बिनचूक ओळखायची. बाकीच्यांनी मग डोळे मिटून तसं करून पाहिलं आणि बराच वेळ कोणालाच जमेना.

गणित बाहेर सगळ्यात चांगलं होतं

नवे शिक्षक बाहेर जायचं म्हणजे परिसर अभ्यास असं धरून चालतात. मी त्यांना गणितापासून सुरुवात करायला सांगते, कारण त्याचं उत्तर तपासता येतं आणि मुख्याध्यापकांनाही दिसतं.

पहिली-दुसरीला चिंचोके आणि काड्या पुरतात. कडुनिंबाच्या गळलेल्या काड्या दहा-दहाच्या जुड्या बांधून दशक-एकक शिकवा. सुटी काडी एकक, जुडी दशक. हातच्याची वजाबाकी अडली की जुडी सोडायची. सुतळीची गाठ सोडताना मुलाला "हातचा घेतला" म्हणजे काय घेतलं ते हाताला कळतं. फळ्यावर ते मी शंभरदा सांगितलं असेल.

पाचवी-सहावीला घेर आणि व्यास. छातीच्या उंचीवर सुतळी गुंडाळा, मोजा, ३.१४ नं भागा. आमच्या कडुनिंबाचा घेर १५७ सेंटीमीटर आला, म्हणजे व्यास ५० सेंटीमीटर. एका मुलानं शंका काढली, "मॅडम, खोड तर गोल नाही नं, एका बाजूनं चपटं आहे." मग व्यास दोन बाजूंनी दोन पट्ट्या उभ्या धरून मोजला, एकीकडून ४७ आणि दुसरीकडून ५३. पुस्तकातलं वर्तुळ आणि मैदानातलं खोड यांत फरक आहे, आणि सरासरी कशाला काढतात, दोन्ही एका फेरीत झालं.

सातवीला गुणोत्तर आणि प्रमाण शिकवताना झाडाची उंची काढा. एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली मोजा. त्याच वेळी झाडाची सावली बुंध्याच्या मध्यापासून शेंड्यापर्यंत मोजा. काठीची सावली ८० सेंटीमीटर आणि झाडाची ७.२ मीटर असेल तर झाड ९ मीटर. आता खरी गंमत. एका गटाला काठीची सावली साडेदहाला आणि झाडाची अकराला मोजा असं मुद्दाम सांगा. त्यांचं उत्तर चुकतं. का चुकलं हे त्यांनाच शोधू द्या. "सावली सरकून राहिली, मॅडम!" असं एखादा ओरडतो, आणि तिथून भूगोल सुरू होतो.

संत्र्याचा हंगाम असेल तेव्हा व्हरांड्यात बसून एक तास जरूर करा. आंबिया बहराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांची) संत्री हिवाळ्याच्या तोंडावर येतात, मृग बहराची (जून-जुलैतल्या फुलांची) फेब्रुवारी-मार्चमध्ये. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे मुलांना सांगितलं की त्यांना आपल्या डब्यातल्या फळाचा अभिमान वाटतो. दोघांत एक संत्रं. सोलायच्या आधी फोडी किती निघतील याचा अंदाज लिहायचा, मग मोजायच्या. दहा-अकराच्या आसपास गर्दी होते, एखादं तेराचं निघतं. लगेच फळ्यावर स्तंभालेख. अपूर्णांकही तिथंच: अकरा फोडींतल्या तीन मी खाल्ल्या तर किती भाग उरला? शेवटी उत्तरपत्रिका खाऊन टाकायची असते, त्यामुळे या तासाला गैरहजेरी नसते.

सावलीचा दिवस

हा एक प्रयोग मी कोणत्याच वर्षी सोडत नाही. त्याला २२ डिसेंबरच्या आसपासचा निरभ्र दिवस लागतो, आणि नागपुरात तो सहसा मिळतो.

एक मीटरची सरळ काठी मोकळ्या जागी ओळंब्यानं उभी रोवा. अकरापासून दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाला खडूनं खूण करा, शेजारी वेळ लिहा, लांबी मोजा. आमच्या वहीत एका वर्षी अशा नोंदी आल्या: अकराला १११ सेंटीमीटर, साडेअकराला १०३, बाराला ९९, साडेबाराला ९९, एक वाजता १०४.

मुलांची ठाम समजूत असते की दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो. इथं दोन गोष्टी एकदम मोडतात. सूर्य डोक्यावर नाहीच, काठीची सावली जवळजवळ काठीएवढी आहे. आपलं अक्षांश २१ अंशांहून थोडं जास्त आणि सूर्य त्या दिवशी मकरवृत्तावर साडेतेवीस अंश दक्षिणेला. बेरीज केली की डोक्यापासून सूर्य पंचेचाळीस अंशांच्या जवळ कललेला, म्हणून सावली उंचीएवढी. मुलं मग एकमेकांना उभं करून सावली मोजतात आणि खरंच आपल्याच उंचीएवढी भरते हे पाहून आश्चर्यानं हसतात.

दुसरी गोष्ट, बारा आणि साडेबारा दोन्ही वेळा ९९. म्हणजे सगळ्यात आखूड सावली मधे कुठंतरी होती. ती बारा वाजून बारा मिनिटांच्या सुमारास असते. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे, नागपूर ७९ अंशांच्या थोडं पुढे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या जवळपास चौदा मिनिटं मागे. उरलेला थोडा फरक सूर्याची चाल वर्षभर सारखी नसल्यानं पडतो. प्रमाणवेळेचा पाठ मी फळ्यावर शिकवायचे तेव्हा मुलं पाठ करायची आणि विसरायची. खडूच्या खुणांवरून शिकलेली मुलं नववीत गेल्यावर भेटतात आणि "मॅडम, ते बारा वाजून बारा मिनिटं" म्हणतात.

त्या सगळ्यात आखूड सावलीची रेष खरी उत्तर दिशा दाखवते. तिच्यावर रंग मारून ठेवा, वर्षभर दिशांसाठी कामाला येते. २१ मार्चला तीच काठी तुम्ही स्वतः पुन्हा रोवा, मुलांना तेव्हा उन्हात न नेता सावलीतूनच बघू द्या. दुपारची सावली ३९ सेंटीमीटरच्या आसपास उतरते. आणि मेच्या २६ तारखेला नागपुरात सूर्य खरोखर डोक्यावर येतो, काठीला सावलीच उरत नाही. तेव्हा सुट्टी असते आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू असतो, म्हणून मुलांना सांगून ठेवा की घरच्या मोठ्यांसोबत दोनच मिनिटं अंगणात यायचं, उभा ठेवलेला पेला बघायचा आणि आत जायचं.

पाऊस मोजा

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा पाऊस दाराशीच असतो. एक लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बूड खोलगट असतं म्हणून तळाला खडे टाका आणि पाणी घालून एक शून्याची रेष आखा. रेषेपासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाड आणि भिंतीपासून लांब, विटांच्या आधारानं ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी वाचायचं, लिहायचं, आणि पाणी पुन्हा शून्याच्या रेषेवर आणायचं.

आता गुणाकार. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं मैदान ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद, म्हणजे हजार चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर. मुलं गप्प होतात, कारण उन्हाळ्यात वस्तीत टँकर आला की किती भांडणं होतात ते त्यांना माहीत असतं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभराहून जास्त मिलिमीटर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी आलं होतं अशी मुलं तुमच्या वर्गात असू शकतात. त्यांना सांगायचं असेल तर सांगू द्या, खोदून विचारू नका. मैदान सिमेंटचं असतं तर हे पाणी कुठं गेलं असतं, हा प्रश्न त्यानंतर आपोआप येतो. सिमेंटवर एक तांब्या आणि मातीवर एक तांब्या पाणी ओतून बघा.

एक झाड, वर्षभर

विज्ञानासाठी मी एकच झाड धरते, आणि नागपुरात कडुनिंब नसलेली शाळा विरळा. शाळा उघडते तेव्हा खाली पिकलेल्या निंबोळ्या पडलेल्या असतात. पावसात त्यांतून रोपं उगवतात. दोरीनं एक मीटर चौकोन आखून रोपं मोजा, महिन्यानं पुन्हा मोजा. पन्नासातली किती जगली? जीवनसंघर्षाचा धडा त्याहून स्पष्ट कोणी सांगू शकत नाही. हिवाळ्यात पालापाचोळा उचला आणि भिंगातून पाहा: वाळवी, गोगलगाय, पानाची नुसती जाळी उरलेली. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं पिवळी होऊन झडतात. "मॅडम, पाणी तर घालून राहिलो, मग पान काहून पिवळं झालं?" असं एका मुलीनं विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही, फांदीचं टोक बघायला सांगितलं. तिथं तांबूस पालवी होती. मग मोहोर, त्याचा तो मंद वास, मधमाश्या, आणि एप्रिलमध्ये हिरव्या निंबोळ्या.

मातीचाही एक तास करा. पारदर्शक बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर साबणाचा चुरा, जोरात हलवून एका जागी ठेवा. वाळू मिनिटाभरात बसते, गाळ काही तासांत, चिकणमाती दिवसेंदिवस पाणी गढूळ ठेवते. मग सांगा की सीताबर्डीची टेकडी काळ्या बेसॉल्टची आहे, आपली काळी माती त्याच खडकाच्या झिजेतून झाली, आणि शहराच्या पूर्वेला गेलं की खडकच बदलतो. ज्याचं आजोळ पूर्वेकडे आहे त्याला तिकडची मूठभर माती आणायला सांगा.

भाषा

डोळे मिटून तीन मिनिटं बसायचं, ऐकू आलेला प्रत्येक आवाज लिहायचा. सळसळ, किलबिल, खडखड हे शब्द मुलांना येतात. पण रिक्षाच्या हॉर्नला, भंगारवाल्याच्या हाकेला, नळाच्या ठिबकण्याला कोणता शब्द? तिथं ती स्वतः घडवतात. एका मुलानं वाळलेल्या पानावरून चालण्याच्या आवाजाला "चर्रमुर्र" लिहिलं होतं.

शाळेच्या वाफ्यात कोथिंबीर लावली तर पुस्तकात कोथिंबीर आणि घरी सांभार. दोन्ही पाट्या लावा. कोणाच्या घरी हिंदी बोलतात, कोणाच्या छत्तीसगढी, कोणाची आजी गोंडी बोलते. एकाच रोपाला चार पाट्या लागल्या की एरवी तोंड न उघडणारं मूल आपला शब्द सांगायला पुढे येतं. पाठातली विशेषणं, तुलना, वर्णन सगळं यातून साधतं, त्याला वेगळी युक्ती लागत नाही.

चित्रकला आणि शारीरिक शिक्षण तर बाहेरच असतं, त्यावर मी जास्त लिहीत नाही. पानांचे ठसे काढताना पानं गळलेलीच घ्यावीत, एवढं सांभाळा.

ऊन, पाऊस आणि बाकीची काळजी

मार्च-एप्रिलमध्ये नऊनंतर बाहेर नाही. यात तडजोड करू नका. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि मार्चमधल्या उन्हालाही कमी लेखू नये. बाहेर जायच्या आधी आणि आल्यावर पाणी, डोक्याला दुपट्टा किंवा टोपी, उपाशी पोटी कोणी नाही. एखादं मूल गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, चक्कर आली तर लगेच सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग ओल्या कपड्यानं पुसा, शुद्धीवर असेल तर मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं द्या. बरळायला लागलं किंवा अंग तापलेलं लागलं तर थांबायचं नाही, १०८ ला फोन.

ढग गडगडला की लगेच आत. झाडाखाली तर मुळीच थांबू नका. विदर्भात दरवर्षी वीज पडून माणसं जातात. पावसाळ्यात गवतात हात घालायचा नाही, दगड उलटवायचा तर हातानं नाही, काठीनं, आणि पलीकडची कड आधी उचलून आपल्याकडे, म्हणजे खाली काही असलं तर दगड आडवा राहतो. साप दिसला तर शिट्टी, सगळे मागे, आणि सर्पमित्राला बोलावणं. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, घट्ट आवळू नका; हात-पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालयात. दिवाळीच्या सुमारास कुंपणावर खाजकुइलीच्या शेंगा दिसल्या तर त्या बाजूची हद्द बंद करा.

कुंपणाबाहेर कधी जायचं

आवारात आठ-दहा फेऱ्या नीट झाल्या की. त्या आधी नको. बाहेर पडताना पालकांची लेखी संमती, वीस मुलांमागे किमान दोन मोठी माणसं, आणि आदल्या दिवशी स्वतः जाऊन वाट बघून येणं.

माझी पहिली पसंती शून्य मैलाच्या दगडाला. ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातला तो स्तंभ, चार घोडे, आणि दगडावर कोरलेली गावं: हैद्राबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल. हैद्राबाद ३१८ मैल. मैलाचे किलोमीटर तिथंच करायला लावा, १.६०९ नं गुणलं की ५१२ च्या जवळ येतात. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट कोरलेली आहे, म्हणजे ३११ मीटरच्या जवळ. चांद्याचं आज काय नाव आहे, हाही प्रश्न विचारा. इतिहास, भूगोल, गणित एका दगडावर.

१८६३ मध्ये सुरू झालेलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, तिथूनच जवळ. तिथं एका फेरीत एकच दालन बघा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, तो वर्षातले मोजके दिवस उघडतो, पण टेकडी गणपती मंदिराच्या बाजूनं टेकडी बघत भोसले आणि इंग्रज यांच्यातली १८१७ ची लढाई सांगता येते. आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेला ही उंच जागा का हवी होती, हे खाली उभं राहून मान वर केली की मुलं स्वतःच सांगतात.

परत वर्गात

नव्यांचं इथंच सगळ्यात जास्त चुकतं. बाहेर छान होतं, घंटा वाजते, विषय तिथंच राहतो. बाहेरच्या वीस मिनिटांमागे वर्गातली पंधरा मिनिटं राखून ठेवा. गटानं आपली मोजमापं फळ्यावर लिहायची, फरक का पडला ते बोलायचं, आणि मग पुस्तकातली ती ओळ उघडून मोठ्यानं वाचायची. पुस्तकातलं वाक्य आपल्या नोंदीशी जुळतं का, हे मुलं स्वतः पडताळतात. आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदींसाठी वेगळं काही करावं लागत नाही. निरीक्षण, प्रात्यक्षिक, तोंडी काम, सगळं त्या वहीतच असतं. गुणाच्या रकान्याशेजारी त्या मुलानं विचारलेला एक प्रश्न लिहून ठेवा.

मुलांच्या वह्यांशिवाय वर्गाची एक सामाईक वही असू द्या, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि लिहिणाऱ्यांची नावं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हीच वही पुढच्या वर्षी या वर्गात येणाऱ्या मुलांच्या हातात द्या. आमच्या कडुनिंबाच्या वहीला यंदा सहावं वर्ष लागलं. घेर १५७ वरून १६८ वर गेला आहे, आणि पहिल्या पानावर एका मुलीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे: "टेप खोडावर जिथं पांढरी खूण आहे तिथंच लावा, नाहीतर आमच्याशी जुळणार नाही."